लोणारच्या तळाशी गेलेली झुमकी

मी झुमकी बोलतेय. जातीची मासोळी, पण मला पाण्यात मात्र सोडू नका. मला पोहता येत नाही. मी सरळ तळाशी जाऊन बसते. मला कल्ले आहेत, पण ते श्वास घेत नाहीत. शेपूट आहे, पण कुणी हलवल्याशिवाय ती हलत नाही. तरीसुद्धा लोणारच्या खाऱ्या तळ्यात उतरून सुखरूप वर आलेली मासोळी म्हणजे मीच. खोटं वाटत असेल तर जानेफळच्या कुठल्याही पोराला विचारा. चार मिनिटांचा पिच्चर आहे माझ्यावर!

त्याआधी मी एक कांडी होते. रंगीत चिकणमातीच्या डब्यात बारा कांड्या असतात, त्यातली पिवळी. आमच्या डब्यात हिरवीला झाड व्हायचं होतं, तांबडीला मोटार. मला काहीच व्हायचं नव्हतं. मी सेलोफेनमध्ये गुंडाळलेली होते आणि सुखात होते.

मग नीळकंठ सरांनी तो डबा जानेफळच्या शाळेत आणला.

सर मेहकरला राहतात आणि जानेफळला विज्ञान शिकवतात. शर्ट कायम इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं तर असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू यावा. मुलांच्या चित्रपटांची जिल्ह्यात स्पर्धा होती आणि सरांनी ठरवलं होतं की आपणही एक कार्टून करायचं. पोरं आधी हसली. कार्टून म्हणजे टीव्हीत होतं ते, शाळेत कसं होणार?

सरांनी खडू टेबलावर ठेवला आणि फोटो काढला. खडू नखभर सरकवला, पुन्हा फोटो काढला. असे चाळीस फोटो भराभर दाखवले तेव्हा खडू आपला आपण टेबलावरून चालत गेला आणि खाली पडला. वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

गोष्ट पोरांनीच रचली. जानेफळहून लोणार काही फार लांब नाही. सहल म्हटली की तिकडेच जाते. आभाळातून दगड पडला, खड्डा झाला, त्यात खारं पाणी साठलं आणि त्या पाण्यात मासे जगत नाहीत, हे सरांनी सांगितलेलं. पोरांनी त्यात आपली भर घातली. पडला तो दगड नव्हता, तारा होता. तो अजून तळाशी एकटा बसलाय आणि रडतोय, म्हणून पाणी खारट. विहिरीतली एक मासोळी त्याची ख्यालीखुशाली विचारायला जाते. पुढे तळातल्या काळोखात शेवाळाचे राक्षस वगैरे बरंच काही होतं, ते पोरांना सगळ्यात जास्त आवडलं.

आता मासोळी कोण करणार? पुढे आली समीक्षा. सहावीतली, शेतकऱ्याची पोर. दर पोळ्याला आळीतल्या निम्म्या घरांचे मातीचे बैल हिच्या हातचे. तिनं मला डब्यातून काढलं आणि मळायला सुरुवात केली. अहो, काय सांगू! आधी गुदगुल्या झाल्या, मग राग आला, मग ऊब आली. तिनं पोटात बांधणीच्या तारेचा काटा घातला, उडदाचे दोन दाणे डोळे म्हणून बसवले, नारिंगीची चिमूट घेऊन कल्ले केले. मग मला तोंडासमोर धरून म्हणाली, "पाह्य बरं माह्याकडं. तू झुमकी."

त्या क्षणापासून मी झुमकी.

तळं तयार झालं समीक्षाच्या आईच्या साडीचं. कोकिळाबाईंची निळी नायलॉनची साडी, बारीक जरीच्या बुट्ट्या असलेली. ती टेबलामागं ताणून बांधली आणि मागून बॅटरी लावली की बुट्ट्या पाण्यासारख्या चमकत. कोकिळाबाई रोज येऊन साडीला कुठे टाचणी टोचली नाही ना हे तपासून जात.

"माह्या लग्नातली साडी हाये," त्या सरांना बजावत, "राक्षस लावा, नाईतर काई लावा, पन तिले भोक नाई पडलं पाह्यजे."

बुडबुडे साबुदाण्याचे होते, शेवाळ शेडनेटच्या हिरव्या जाळीचं. तळाचा तारा म्हणजे एक काळाकभिन्न धोंडा, त्यावर चमकीचा कागद डकवलेला. हा धोंडा सबंध पिच्चरभर जागचा हलला नाही, आणि तरी त्यालाच सगळ्यात जास्त भाव. असो.

मोबाईल अश्विनीच्या ताब्यात. समीक्षाची मैत्रीण, दोन विटांवर फोन बसवून ती एखाद्या हवालदारासारखी उभी असे. समीक्षा मला गव्हाच्या दाण्याएवढी पुढे सरकवी, शेपूट जराशी वळवी. अश्विनी ओरडे, "हात काढ वं!" मग फोटो. पुन्हा सरकव, पुन्हा "हात काढ वं!" एका सेकंदासाठी असे आठ फोटो. चार मिनिटांच्या पिच्चरला किती लागले असतील त्याचा हिशेब तुम्हीच करा. मी नुसती पोहत होते, तरी दमून जात होते.

एकदा फोटोत समीक्षाची वेणी आली. लक्षात आलं तेव्हा सगळं पुन्हा करायची कुणाची छाती होईना. शेवटी ती वेणी तशीच ठेवली. पिच्चर पाहणाऱ्यांना ती तळ्यातला पाणसाप वाटते आणि लहान पोरं तिथे डोळे मिटतात.

मला मात्र फोटोंपेक्षा मधला वेळ आवडे. समीक्षा सरकवता सरकवता माझ्या वतीनं बोलत राही. "मले खाली जा लागते. कोन बसलं हाये तिथी, पाह्यतेच मी." शेवाळ अडवायला आलं की, "सरक बे बाजूले! मोठा आला अडवनारा." मी तेव्हा खरंच निडर होई. आवाज पोटातून यावा लागतो म्हणतात. माझा समीक्षाच्या पोटातून येई.

पण सरांनी संवाद लिहून आणले, त्यात मी म्हणत होते: "मला तळाशी गेलेच पाहिजे. तेथे कोण आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे."

समीक्षानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाली, "सर, झुमकी असं नाई बोलत जी."

"मग कसं बोलते?"

तिनं म्हणून दाखवलं. सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. "परीक्षक बाहेरचे असतात," ते म्हणाले. "त्यांना आपलं बोलणं गावठी वाटेल. आवाज इराचा घेऊ आपण. तू हातानं छान काम करते आहेस, तेवढं पुरे."

त्या दिवशी समीक्षानं मला सरकवलं ते मुकाट्यानं. चाळीस फोटो झाले, पण तिच्या तोंडून एक शब्द नाही. त्या पाच सेकंदांत मी पिच्चरमध्ये जरा उदास दिसते, तो अभिनय नव्हे.

इरा म्हणजे सरांची मुलगी. मेहकरला शिकते, समीक्षाच्याच वयाची. एप्रिलातल्या एका रविवारी सर तिला घेऊन आले. आवाज घुमू नये म्हणून वर्गात गोधड्या टांगल्या होत्या. त्यात उभी राहून इरानं माझी सगळी वाक्यं म्हटली. स्वच्छ, ठसठशीत, एकही चूक नाही. फक्त मी टेबलावर पडून ऐकत होते आणि मला कुणा दुसऱ्याचा फ्रॉक घातल्यासारखं होत होतं. समीक्षा दाराशी उभी राहून नखं खात होती.

म्हणून इरा वाईट होती असं मात्र समजू नका. वाक्यं संपली तशी तिनं विचारलं, "मी हिला थोडा वेळ हातात घेऊ?" कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. तिनं मला उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि कानात म्हणाली, "तू कधी बाहेर गेलीस का गं?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. समीक्षानंसुद्धा.

सगळ्यांना कोकिळाबाईंकडे जेवण होतं. इरा मला घेऊन सरांच्या कारपाशी गेली. "इथून तुला सगळा रस्ता दिसेल," असं म्हणून तिनं मला समोरच्या काचेखाली, डॅशबोर्डवर ठेवलं, काच लावली आणि ती जेवायला गेली.

खरंच सगळं दिसत होतं. एक म्हैस गेली, एक फटफटी गेली. पिंपळाखाली दोन म्हातारे एकच वर्तमानपत्र दोन टोकांनी वाचत होते. मी पहिल्यांदाच जग बघत होते आणि वरून सूर्य माझ्याकडे बघत होता. एप्रिलातली दुपार, बंद गाडी आणि मी तेलात कालवलेली माती! आधी शेपटीतला ताठपणा गेला. मग एक डोळा घरंगळला. पाठीतून तार बाहेर आली. मला दुखलं नाही हो, फक्त मी कुठे संपते आणि डॅशबोर्ड कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं.

वांग्याची भाजी, भाकरी आणि वर आमरस झाल्यावर मंडळी परत आली. पहिली किंचाळली अश्विनी.

सर म्हणाले, "अरे, ऊन लागलं. चूक माझीच, गाडी सावलीत लावायला हवी होती." सुटायला एवढं पुरेसं होतं. इरानं मान खाली घातली असती तरी चाललं असतं. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती म्हणाली, "बाबा, मी ठेवलं तिला. तिला बाहेर बघता यावं म्हणून."

"तुले हात लावाले कोनी सांगतलं होतं?" समीक्षाचा आवाज फाटला. "आवाज घेतला तं घेतला. आता मासोळी बी घेतली!"

पिच्चर तीन दिवसांनी पाठवायचा होता. माझा वर येण्याचा प्रसंग अजून बाकी होता. डब्यात पिवळं नखभरही उरलं नव्हतं, आणि उरल्यासुरल्यातून पुन्हा केलेली मासोळी आधीच्या फोटोंतल्यासारखी दिसणार नव्हती.

समीक्षानं मला पट्टीनं खरवडून काढलं आणि वर्गात नेऊन टेबलावर ठेवलं. मग दात-ओठ खात ती माझ्याशी बोलायला लागली. "ऊठ नं वं झुमकी. काऊन अशी पडून राह्यली? एवढ्या दूर आली तू, राक्षसाले नाई भ्याली, न् उन्हाले भ्याली? ऊठ माय. तुह्याबिगर तो तारा तिथी एकटा रडून राह्यला." तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. तेलकट मातीवर पाणी टिकत नाही, ओघळून गेलं; पण पडलं ते मला कळलं.

इरा कोपऱ्यात उभी होती. रडत रडत तिनं सरांना विचारलं, "बाबा, खऱ्या लोणारच्या पाण्यातपण मासे असेच विरघळतात का?"

समीक्षाचा हात थांबला. "काय म्हनली तू? पुन्हा म्हन."

"विरघळतात का, म्हटलं."

समीक्षानं माझ्याकडे पाहिलं, मग चमकीच्या धोंड्याकडे पाहिलं. "इरघळते," ती सावकाश म्हणाली. "झुमकी खाऱ्या पान्यात इरघळते. तळाशी जाते न् तिथीच इरघळते. मंग तारा तिले पुन्हा उभी करते. अश्विनी, फोन लाव!"

"फोन चालूच हाये," अश्विनी म्हणाली. "मघापासून. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद कराचं राहूनच गेलं."

तिनं बटण दाबलं. गोधड्यांच्या खोलीत समीक्षाचा आवाज आला, "ऊठ नं वं झुमकी..." इरा म्हणाली, "बाबा, झुमकीचा आवाज हा आहे. माझा नाही."

सर खिडकीशी गेले. पाठमोरेच बोलले. "मी पुण्याला शिकायला गेलो ना, तेव्हा पहिल्याच दिवशी उभा राहून म्हणालो, 'सर, मले समजलं नाई.' सगळा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात काही विचारलंच नाही. समजलं नाही तरी." ते वळले. "तुमच्या झुमकीला कुणी हसू नये, एवढंच होतं माझ्या मनात."

"हासूच द्या नं सर," समीक्षा म्हणाली. "पिच्चर हासाचाच तं हाये."

सरांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि टेबल सरळ केलं.

पुढचे दोन दिवस मी पुन्हा जन्म घेत होते. गोळ्यातून आधी पोट, मग शेपटीचं टोक, मग एक कल्ला, आणि प्रत्येक पायरीला "हात काढ वं!" या वेळी चमकीच्या धोंड्याची बॅटरी इरानं धरली होती, हात अवघडला तरी हलवली नाही. घरंगळलेला डोळा सापडला नाही, म्हणून कोकिळाबाईंनी नवा उडीद आणून दिला. तो जरा मोठा निघाला. तेव्हापासून मी कायम आश्चर्य वाटल्यासारखी दिसते. पोटात डॅशबोर्डवरचा एक केसही मळला गेलाय. कुणाचा ते देव जाणे.

ताऱ्याला आवाज इराचा दिला. त्यावर थोडी चर्चा झाली, तेव्हा समीक्षानंच निकाल दिला, "तारा बाहेरचा हाये. तो शुद्धच बोलनार."

एक अडचण मात्र शिल्लक राहिली. झुमकी भेटली, ताऱ्याचं रडणं थांबलं, मग लोणारचं पाणी आजही खारट कसं? सरांनी वही काढून डोकं खाजवलं. समीक्षानं मला हातात घेतलं आणि माझ्या वतीनं सांगून टाकलं, "मी जाते न् त्याले गोठी सांगते. आता तो हासू हासू रडते." अश्विनीनं ते तिथल्या तिथे रेकॉर्ड केलं. शेवटचं वाक्य तेच.

बुलढाण्याच्या सभागृहात दुपारी पिच्चर लागला. सर मला खिशात घेऊन गेले होते, दोन पेनांच्या मधोमध. पडद्यावर मी केवढी! बैलगाडीएवढी! तोंड उघडलं आणि म्हणाले, "मले खाली जा लागते." सभागृह खो खो हसलं. खिशाच्या आड सरांचं काळीज धडधडायला लागलेलं मला ऐकू आलं. पण हसणं वेगळंच होतं. पोरं पुढे सरकून बसली होती.

मग मी विरघळले. सभागृहात चिडीचूप. पडद्यावर एक पिवळा गोळा आणि समीक्षाचा आवाज. पुढच्या रांगेतला एक बारका पोरगा उभा राहून ओरडला, "ऊठ नं बे झुमके!" आणि मी उठले. काय टाळ्या पडल्या! शेवटच्या वाक्याला मोठी माणसंसुद्धा हसली, आणि हसता हसता एका आजीबाईंनी पदरानं डोळे टिपले.

पहिला नंबर दुसऱ्याच एका पिच्चरला मिळाला, चिमणीच्या. चांगला होता. आम्हाला उत्तेजनार्थ. एका परीक्षकबाईंनी सरांना मंचावर बोलावून विचारलं, "भाषा अशी ठेवायची हे तुम्हाला कसं सुचलं?"

सरांनी माईक धरला. घसा खाकरला. मग म्हणाले, "मले नाई सुचलं. पोरींनी शिकवलं मले."

खाली बसलेली समीक्षा आणि इरा एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

तर अशी मी. सध्या मुक्काम शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात. एका बाजूला लोहचुंबक, दुसऱ्या बाजूला बरणीतला बेडूक, आणि समोर चिठ्ठी: 'हात लावू नये.' पाहुणे येतात, काचेला नाक लावतात, जातात. मान आहे, नाही कसं? पण माती मानावर जगत नाही. माझ्या पाठीला बारीक भेग पडली आहे. कुणाचा हात लागला नाही की आम्ही कडक होतो. बेडकाला विचारा, त्याचंही तसंच झालं असेल.

गेल्या आठवड्यापासून दुसऱ्या पिच्चरची तयारी चालू आहे. या वेळी आभाळातली गोष्ट. नायिका सुगरण पक्षीण आहे. पिवळा असतो तो नर, पण पोरांना हीच पिवळी हवी. नव्या डब्यातली पिवळी कांडी सूर्य करण्यातच संपली. अश्विनी म्हणाली, "कनकेत हळद कालवू." इरा म्हणाली, "मेहकरला शोधते मी." माझ्याकडे कुणी बघेना. बघायचं सगळेच टाळत होते.

आज मधल्या सुट्टीत समीक्षा एकटीच आली. सातवीत गेलीय आता, उंच झालीय. तिनं किल्ली लावून कपाट उघडलं, मला तळहातावर घेतलं आणि उभी राहिली. अंगठा माझ्या पाठीवर, भेगेपाशी. दाबत नाहीये.

"दुखन का वं तुले?" ती विचारतेय.

अगं, मोड मला. पिच्चरमधली झुमकी कुठे जात नाही, ती पडद्यावर पोहतच राहील. मी मातीची आहे, मला अजून पुष्कळ काही व्हायचंय. मी तळ पाहिला, आता मला वरून शेत दाखव. आणि तुम्ही, काचेआडची खेळणी नुसती बघणारे, तुम्हीसुद्धा जरा हात लावत जा. आम्ही मोडतो, पण त्यानं मरत नाही.

हे सगळं मी तिला कसं सांगू, मला तर आवाज नाही. पण बघा, अंगठ्याची ऊब वाढतेय आणि समीक्षाच स्वतःशी पुटपुटतेय, "नाई दुखत म्हन्ते. दाब म्हन्ते."

हो, अगदी हेच म्हणाले मी.